एक्केचाळीस व्हिडिओ आणि एक कार्ड रीडर

माणसांशी बोलायची वेळ आली की मामाची जीभ टाळूला चिकटायची. शिवणयंत्रांशी मात्र तो दिवसभर बोलायचा.

"काय झालं गं तुला? परवापर्यंत तर बरी होतीस," एखाद्या जुन्या काळ्या मशीनचं झाकण उघडून तो विचारायचा. "घास अडकला होय? थांब थांब. हे बघ, एवढा दोऱ्याचा बोळा गिळून बसलीयेस आणि वर कुरकुर करतेस!"

पण त्याच मशीनची मालकीण दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली की मामाजवळ एकूण तीन शब्द उरायचे. "ठेवा." "उद्या." आणि दुसऱ्या दिवशी, "झालं." समजूतदार गिऱ्हाईक तेवढ्यावर भागवायचं. चौकस गिऱ्हाईक आलं, म्हणजे "नेमकं काय बिघडलं होतं हो?" असं विचारणारं, की मामा घाबराघुबरा होऊन जिन्याकडे बघायचा आणि ओरडायचा, "भोंग्या!"

भोंगा म्हणजे त्याची भाची. वय वर्षं पंधरा. ती जन्मली तेव्हा मामा दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा होता आणि पहिली बातमी त्याला तिथं, फाटकाबाहेर, थेट तिच्याच तोंडून कळली होती, म्हणून हे नाव. दुकान खाली, घर वर. हाक आली की भोंगा दोन-दोन पायऱ्या गाळत खाली यायची आणि मामाने मशीनला जे सांगितलं असेल ते गिऱ्हाइकाला सांगायची, वर थोडं स्वतःचं घालून.

हे स्वतःचं घालणं यंदाचं. मागच्या वर्षीपर्यंत ती वर्गात उत्तर येत असूनही हात अर्धाच वर करायची, म्हणजे चुकलं तर केस सारखे करतेय असं दाखवता यावं. यंदा कसा कोण जाणे तिला शोध लागला होता की आपल्याला पुष्कळ गोष्टी कळतात, आणि ज्या कळत नाहीत त्यासुद्धा ठणकावून सांगितल्या की कळल्यासारख्याच वाटतात. मोठी मौज होती. त्या मौजेतच सगळा घोळ झाला.

झालं असं की पलीकडच्या रस्त्यावरच्या शिवणवर्गाच्या बाई आपलं मशीन न्यायला आल्या आणि मामाला म्हणाल्या, "आमच्या मुली शिवायला झकास शिकतात, पण मशीन जरा खुट्ट झालं की हात बांधून बसतात. तुम्ही या ना एकदा. तासभर सांगा, मशीन सांभाळायचं कसं, साफ कसं करायचं. तीस मुली आहेत."

मामाने तोंड उघडलं. आतून सवयीने "उद्या" यायला निघालं होतं, त्यातलं "उ" बाहेर पडलं आणि पुढचं घशातच राहिलं.

"येईल की!" भोंगा जिन्यावरूनच म्हणाली. "नक्की येईल. कधी यायचं?"

"महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, चार वाजता," बाई म्हणाल्या आणि खूश होऊन गेल्या.

मामा दोन दिवस भोंग्याशी बोलला नाही. म्हणजे एरवीही तो फार बोलायचा असं नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं, त्यात पाठ असायची. तिसऱ्या दिवशी तो मशीनकडे बघत म्हणाला, "तीस मुली. साठ डोळे. मी तिथं उभा राहून काय करू? घाम पुसू?"

भोंग्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी तीस मुलींना नव्हती आणि खुद्द मामालाही नव्हती. मामासारखं मशीन समजावणारा माणूस जगात नाही. ती लहानपणापासून त्याच्या बाकाखाली बसून ऐकत आलेली. सुई कुठून कशी फिरते, खालचा दोरा वरच्याला कसा गळामिठी घालतो, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

"तू बोलूच नकोस," ती म्हणाली. "तू इथं बस, नेहमीसारखं काम कर, मी शूटिंग करते. तिथं आपण व्हिडिओ लावू. तू नुसता बाजूला उभा राहा. घाम पुसलास तरी चालेल."

मामाने तीन दिवस विचार केला आणि कपाटातून एक कॅमेरा काढून दिला. एका गिऱ्हाइकाने कधीतरी मशीनबरोबर तोही "बघा, तुमच्या काही उपयोगाचा असेल तर" म्हणून ठेवून दिलेला. मागचा पडदा तडकलेला, त्यातून फक्त वरचा डावा कोपरा दिसे. संगणकाला जोडायची वायर हरवलेली आणि तिचं टोक असलं विचित्र की बाजारात कुणी ओळखेना. पण काच अस्सल होती. सुईच्या नाकापर्यंत जवळ जायची. मामाच्या साध्या फोनला कॅमेरा नव्हता आणि आईचा फोन आईबरोबर कामावर जायचा, तेव्हा दुसरा इलाजही नव्हता.

तीन आठवडे रोज शाळा सुटल्यावर दोघांचं शूटिंग चाललं. एकेका व्हिडिओत एकेक गोष्ट. भोंगा कॅमेरा धरून प्रश्न विचारायची आणि मामा हातातलं काम न थांबवता उत्तरं द्यायचा. एकूण एक्केचाळीस व्हिडिओ. ते सगळे एका नखाएवढ्या, म्हणजे मामाच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या निळ्या मेमरी कार्डात.

आता ते कार्ड लॅपटॉपला वाचून दाखवणारं काहीतरी हवं होतं. घरातल्या लॅपटॉपला कार्डाची खाच नव्हती. "कार्ड रीडर लागेल," भोंगा म्हणाली, "त्यात काय? मी आणते. मला कळतं त्यातलं."

शुक्रवारी संध्याकाळी ती जो रीडर घेऊन आली तो माशाच्या आकाराचा होता. नारिंगी. शेपटी ओढली की लॅपटॉपमध्ये घालायचं टोक बाहेर यायचं आणि तोंड उघडलं की कार्डाची खाच. फारच गोड होता. तेवढ्यात मामाने कॅमेऱ्यातून काढून निळं कार्ड आणून दिलं, आणि मग कळलं की माशाचं तोंड फोनच्या चिमुकल्या कार्डापुरतंच आहे. निळं कार्ड त्याच्या दुप्पट. भोंग्याने आडवं घालून पाहिलं, उभं घालून पाहिलं, उलटं घालून पाहिलं.

"गिळणार नाही तो," मामा म्हणाला. "नको कोंबूस."

"मला माहिती होतं," भोंगा म्हणाली. "मी नुसतं बघत होते."

शनिवारी सकाळी रीडरवाल्याचं दुकान उघडायच्या आधीच ती त्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि मासा परत करून चपटा काळा रीडर घेऊन आली. याला दोन खाचा होत्या, एक लहान, एक मोठी. मामा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार होता. त्या सदऱ्यात तो दुसऱ्याच्या घरी पाहुणा आल्यासारखा बसला होता.

कार्ड मोठ्या खाचेत टक्कन बसलं. रीडर लॅपटॉपला लावला. दिवा लागला. पडद्यावर काहीच आलं नाही.

भोंग्याने ते काढलं, फुंकर मारली, परत घातलं. दिवा लुकलुकायला लागला. लुकलुक, लुकलुक, नुसती लुकलुक. भोंग्याला वाट बघणं या प्रकाराशी कधी जमलं नव्हतं. तिने लुकलुकतानाच कार्ड उपटलं आणि पुन्हा खुपसलं.

या वेळी पडद्यावर चौकट आली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का? खाली दोन बटणं. हो. नाही.

"हां, आलं!" भोंगा म्हणाली. तिचं बोट "हो"वर पोचलंसुद्धा.

"फॉरमॅट म्हणजे काय गं?" मामाने मागून विचारलं.

"फॉरमॅट म्हणजे..." शाळेत निबंधाला फॉरमॅट असायचा. समास सोडा, शीर्षकाखाली रेघ मारा. "म्हणजे नीट मांडून ठेवणं. आवरून."

मामाने मान डोलावली. मग जरा वेळाने, मशीनवाल्या आवाजात, म्हणाला, "आवरताना टाकून देतात का गं काही?"

भोंग्याचं बोट हवेतच राहिलं. गेल्या वर्षीचा संगणकाचा तास तिला आठवला. सर म्हणाले होते, फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. कुणीतरी खिडकीबाहेरचं मांजर दाखवलं होतं म्हणून पुढचं ऐकायचं राहिलं, पण एवढं ऐकलं होतं. पाटी कोरी.

बटण तापलेलं असावं तसं तिने बोट मागे घेतलं. मग "नाही" दाबलं आणि सावकाश लॅपटॉप मिटला.

"काय झालं?"

"काही नाही."

"व्हिडिओ?"

"आहेत. म्हणजे असतील. वाचत नाहीये ते." आणि मग तिच्या मनात आलं. लुकलुकताना उपटलं ते मी. मीच मोडलं. एक्केचाळीस व्हिडिओ, तीन आठवडे, मामाचा सगळा आवाज, आणि मी ते गाजर उपटल्यासारखं उपटलं.

मामा बराच वेळ सदऱ्याच्या बाहीचं बटण फिरवत बसला. तोही काहीतरी सांगायला तोंड उघडत होता आणि मिटत होता, पण भोंग्याचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "दोन वाजेपर्यंत बघू. नाही झालं तर तू बाईंना फोन कर. मला बरं नाही म्हणून सांग."

"पण तू बरा आहेस!"

"चारपर्यंत नसेन," मामा म्हणाला, आणि तो खरंच बोलत होता.

गल्लीच्या टोकाला चिमटाताईचं दुरुस्तीचं दुकान होतं. फोन, रेडिओ, रिमोट, जे येईल ते. तिच्या अंबाड्यात कायम एक बारीक चिमटा खोचलेला असायचा आणि तो ती तलवारीसारखा उपसायची, म्हणून चिमटाताई. दुकान म्हणजे एक काउंटर, मागे खणांची भिंत आणि बाजूला विकायला लावलेला एक भलामोठा टीव्ही, तो तिच्या संगणकाचाच पडदा होता. दोन गिऱ्हाइकं आधीच बसली होती. रेडिओ मांडीवर घेतलेले एक आजोबा आणि फोनची वायर बदलायला आलेल्या एक काकू. काकूंच्या पिशवीतून अर्धवट शिवलेलं झबलं डोकावत होतं.

माणसं पाहिल्यावर मामा दारातच थबकला. भोंग्याने त्याला बाही धरून आत ओढलं.

"हा रीडर खराब आहे," ती जोरात म्हणाली. आपण मोडलं म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

"असं?" चिमटाताईने रीडर हातात घेतला. खणातून स्वतःचं एक कार्ड काढून तिने त्यात घातलं. टीव्हीवर कुणाच्या तरी मांजराचे फोटो झळकले. "शहाणा आहे की हा. रीडर बिघडला की कार्ड बिघडलं हे कळायला आधी दुसरं कार्ड घालून बघायचं असतं, ताईसाहेब. निवाडा त्याच्यानंतर. आता तुमचं आणा."

भोंग्याने निळं कार्ड पुढे केलं. चिमटाताईने मात्र ते घातलं नाही. "न बघता कुणाचं काही माझ्या यंत्रात घालत नाही मी," म्हणत तिने चिमटा उपसला, कार्ड पालथं धरलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मागच्या बाजूला सोनेरी पट्ट्यांची रांग होती. तिने कार्ड दिव्याखाली तिरपं केलं. मग सरळ केलं. मग नाकाशी नेलं.

"हे काय आहे?"

"मी उपटलं!" भोंगा फुटलीच. "दिवा लुकलुकत होता तरी मी उपटलं. माझ्यामुळे झालं सगळं. मला वाटलं मला कळतं, आणि मला काही म्हणजे काही कळत नाही, आणि ते 'हो'सुद्धा मी दाबणारच होते..."

"एक थेंब," मामा त्याच वेळी म्हणाला.

दोघंही थांबले. एकमेकांकडे बघायला लागले.

"काय एक थेंब?" चिमटाताईने विचारलं.

मामाच्या तीन शब्दांपैकी एकही इथं कामाचा नव्हता. "काल कॅमेऱ्यातून निघेना ते. घट्ट बसलं होतं. म्हणून... एकच थेंब. तेलाचा."

"कशावर?"

"त्या पट्ट्यांवर." मामाचा आवाज खोल खोल जात चालला. "चांगलं तेल होतं. डाग न पडणारं."

रेडिओवाले आजोबा खो-खो हसायला लागले, आणि काकूही, आणि चिमटाताईने भिंग खाली ठेवून डोळे पुसले. "तीस वर्षांत, तीस वर्षांत हो, मेमरी कार्डाला तेलपाणी करणारा पहिला माणूस पाहिला! पाण्यात पडलेलं पाहिलं, कुत्र्याने चघळलेलं पाहिलं. पण इतक्या प्रेमाने कुणी मारलं नव्हतं."

"मेलं का ते?" मामाने विचारलं. तो अजिबात हसत नव्हता.

"बघू या. आणि तू गं," तिने भोंग्याकडे चिमटा रोखला, "लुकलुकताना उपटत नाहीत. एकदा वाचलीस, दरवेळी वाचशील असं नाही. पण फॉरमॅटला नाही म्हणालीस ना? तेवढं मात्र अक्कलहुशारीने केलंस."

"ते मामाने विचारलं म्हणून," भोंगा पुटपुटली. हे खरं सांगताना तिला वाटलं होतं त्याहून बरं वाटलं.

चिमटाताईने कापसाची काडी झटकन उडून जाणाऱ्या स्पिरिटमध्ये बुडवली आणि सोनेरी पट्ट्या एकाच दिशेने, वरून खाली, पुसायला घेतल्या. पुसता पुसता तोंड चालूच. "रीडर घेताना दोन तोंडं बघायची. कार्ड जाणार ते तोंड आणि लॅपटॉपला लागणार ते टोक. रंग नाही बघायचा."

"मासा होता तो," मामा म्हणाला.

"मामा!"

"आणि कार्ड किती मोठं ते सांगून रीडर मागायचा. हे चौसष्ट जीबीचं आहे. जुनाट रीडरला एवढं झेपत नाही, मग तोही असंच विचारत बसतो, फॉरमॅट करू का, फॉरमॅट करू का. तुझा नवा काळा चांगला आहे, त्याच्याही दातांना आता तेल लागलंय, तो पुसून देते. आणि कार्डाच्या कडेची ही बारीक खिट्टी दिसली? ही खाली सरकवायची. कुलूप. म्हणजे वाचता येतं, चुकून पुसता येत नाही. आणि कार्डावरून थेट बघत बसायचं नाही. आधी सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, मग बघा हवं तेवढं."

दुसरी काडी कोरडी. मग तिने पट्ट्यांना वारा घातला. वहीने काकूंनीही घातला. मामा काउंटर धरून उभा होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

चिमटाताईने तिचा स्वतःचा रीडर लावला, छोट्या वायरीचा, आणि कार्ड आत सरकवलं. दिवा लागला. लुकलुकला. भोंग्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

टीव्हीवर एक पिवळं पाकीट उगवलं. ते उघडलं आणि आत छोट्या छोट्या चौकटींच्या रांगा. चिमटाताईने मोजायच्या आधी खाली आकडा आला होता. एक्केचाळीस.

भोंग्याने असा आवाज काढला की आजोबांच्या मांडीवरचा रेडिओ सरकला.

"उतरवून होईतो एक चालवून बघू, नीट आहे का," म्हणत चिमटाताईने एका चौकटीवर टिचकी मारली, आणि त्या भल्यामोठ्या टीव्हीवर मामाचे हात आले. नखांत काळं, अंगठ्यावर जुना ओरखडा. आणि आवाज. सगळ्या दुकानभर.

"हा बघ भोंग्या, हे झाकणाखालचे दात. कापड पुढे ढकलतात ते हे. आता यांच्यात काय साठलंय बघ. पुरणार आहे, एक उशी भरायला पुरणार आहे! बिचारीला वर्षभर कुणी दात घासू दिले नाहीत आणि म्हणतात, कापड ओढत नाही. तुझे नाही घासले तर तू जेवशील का?"

"मी तरीही जेवीन," टीव्हीतली भोंगा म्हणाली.

"तू जेवशील. ही मानी आहे."

काकू हसल्या. आजोबा पुढे सरकून बसले. मामा मात्र कानकोंडा होऊन काउंटरमागे दडायला जागा शोधत होता. "बंद करा," तो पुटपुटला, "बंद करा ना." पण कुणीच बंद केलं नाही, आणि हळूहळू त्याची मान वर झाली. त्याने स्वतःला असं कधी ऐकलंच नव्हतं. टीव्हीतला माणूस न अडखळता बोलत होता, चेष्टा करत होता, एका स्क्रूबद्दल गोष्ट सांगत होता. मामा त्याच्याकडे बघत होता ते एखाद्या चांगल्या कारागिराकडे बघावं तसं, थोड्या संशयाने आणि बऱ्याच आदराने.

"हे तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"हं," मामा म्हणाला.

"मग मला सांगा, माझ्या मशीनवर वरची शिवण छान येते आणि खाली नुसता दोऱ्याचा गुंता. दोनदा खालच्या दोऱ्याची बॉबिन बदलली. काय करू?"

भोंग्याने सवयीने तोंड उघडलं. उत्तर तिला येत होतं. मग तिने मामाकडे पाहिलं. मामाचं लक्ष काकूंकडे नव्हतंच, ते काकूंच्या पिशवीतल्या झबल्याच्या शिवणीवर होतं. भोंग्याने तोंड मिटलं. आयुष्यात इतकं जड काम तिने केलं नव्हतं.

"दोरा ओवता तेव्हा सुईजवळचा तो कापड दाबणारा पाय वर असतो की खाली?" मामाने शिवणीलाच विचारल्यासारखं विचारलं.

"खाली. खालीच असतो."

"मग तिथंच गोम आहे. पाय खाली असला की वरच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात शिरतच नाही, वरून नुसता वाहत येतो. वर कुणी धरायला नाही, मग तो खाली जाऊन गोंधळ घालणारच की. आणि लोक बोल लावतात बॉबिनला! तिचा काय गुन्हा? पाय वर घ्या, दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा. आधी चिंधीवर शिवून बघा, झबल्यावर नको."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "एवढंच?"

"एवढंच. आणि महिन्यातून एकदा दात घासा तिचे." मग मामाला कळलं की आपण बोललो. त्याने आजूबाजूला पाहिलं, जणू दुसरं कुणी बोलून गेलं की काय.

सगळे व्हिडिओ चिमटाताईच्या संगणकावर उतरले. चिमटाताईने पडद्यावर रीडर बाहेर काढण्याची आज्ञा दिली, "आता काढा" असं येईपर्यंत थांबली, भोंग्याकडे रोखून बघितलं, आणि मग कार्ड काढून, पुसलेल्या काळ्या रीडरसकट, मामाच्या तळहातावर ठेवलं. "तेल नको हं."

बाहेर आल्यावर दोघं घराकडे चालायला लागले. दोन वाजून गेले होते.

"फोन करू का बाईंना?" भोंग्याने विचारलं. तिने ते मुद्दाम अगदी साध्या आवाजात विचारलं.

मामा पाच-सहा पावलं चालला. "दातांचा व्हिडिओ पहिला लाव," तो म्हणाला. "लोकांना तो आवडतो."

चारला शिवणवर्गात तीस मुली, तीस मशीन आणि समोर एक पांढरी भिंत. भोंग्याने वर्गाच्या प्रोजेक्टरला लॅपटॉप लावला, घरी काळ्या रीडरने उतरवून घेतलेला दातांचा व्हिडिओ चालवला, मुली हसल्या. दुसरा व्हिडिओ चालवला. मामा बाजूला हाताची घडी घालून उभा होता आणि खरोखरच घाम पुसत होता. तिसऱ्या व्हिडिओत भोंग्याचा हात हलला होता, चित्र धूसर झालं होतं, आणि मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, तो स्क्रू कुठला ते दिसत नाहीये."

भोंगा उठणार होती. त्याआधी मामाच पुढे झाला. तो त्या मुलीच्या मशीनपाशी गेला, झाकण काढलं आणि आत डोकावून म्हणाला, "अरेरे, काय अवस्था करून ठेवलीये हिची." बाकीच्या मुली एकेक करून उठल्या. बघता बघता त्या मशीनभोवती पाठींची भिंत झाली आणि भोंग्याला मामा दिसेनासा झाला. नुसता ऐकू येत होता. भिंतीवर तिसरा व्हिडिओ बिचारा एकटाच चालू होता. तिने तो थांबवला.

बाई हलक्या पावलांनी तिच्याजवळ आल्या. "पुढच्या शनिवारीही येतील का गं ते? विचारशील?"

"मला कशाला विचारता?" भोंगा म्हणाली. "त्यालाच विचारा की."

बाई चकित झाल्या. मग त्यांनी गळा साफ केला आणि पाठींच्या भिंतीवरून मोठ्याने विचारलं. आतून एक स्क्रू फिरल्याचा आवाज आला, कुणीतरी टॉर्च मागितला. मग मामाचा आवाज, डोकं मशीनमध्येच असल्यासारखा घुमलेला:

"येईन. पण तासभर पुरत नाही हो, बाई. दोन तास ठेवा."